ऐकलेलं कुठं जातं

माईक हातात आला की माणूस आधी त्यावर फुंकर मारतो. नाहीतर बोटानं टकटक करतो. पिंपळे गुरवमध्ये सोसायटीचा गणपती असो, चौकातला सत्कार असो की हळदीकुंकू, हे चुकत नाही. 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' त्यानंतर. मीही आजवर तेच करत आले. फुंकर अशी मारू नये, एखाद्या माईकचा त्यानं जीव जातो, हे मला दापोडीतल्या एका निवृत्त मेकॅनिककाकांनी सांगितलं. जुन्या काळी रिबन माईक असायचे. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ॲल्युमिनियमची एक पट्टी सैलसर ताणलेली असते, साधारण दोन मायक्रॉन जाडीची, बर्फीवरच्या वर्खासारखी. कुणी गुणगुणलं तरी ती हलते, आणि तिच्या त्या हलण्यातून वीज उमटते. जोरात फुंकर मारली की पट्टी ताणते, लोंबते, कधी फाटते. गाणाऱ्याचा बारीकसा कंप जिला कळतो तिला श्वासाचा नुसता धक्का सोसत नाही, हे ऐकल्यापासून कुठल्याही कार्यक्रमात कुणी माईक तोंडाशी नेला की माझं लक्ष आधी त्याच्या ओठांकडे जातं.

मी काकांपर्यंत पोहोचले ती तात्यांच्या माईकमुळे. तात्या माझे थोरले चुलते. पिंपळे गुरव जेव्हा पवनेकाठचं गाव होतं, ज्वारीची आणि भाजीची रानं पार नदीच्या काठाला भिडलेली होती, तेव्हा त्यांचा लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. दोन कर्णे, एक अँप्लिफायर, गाडीची बॅटरी, तबकड्यांची पेटी आणि हा माईक, एवढा त्यांचा संसार सायकलवर आणि प्रसंगी बैलगाडीत बसायचा. लग्न असलं की कर्णा लिंबावर चढवायचा. सप्ताह बसला की पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत तात्या देवळाच्या ओट्यावर अँप्लिफायरशेजारीच मुक्कामाला. यात्रेत कुस्त्यांचा आखाडा भरला की तात्या तिथं, आणि तुकोबांची पालखी देहूहून पुण्याकडं निघाली की दापोडीत रस्त्याकडेला त्यांचं टेबल. तिथं ते हरवलेल्यांची नावं पुकारायचे. 'जिथं असाल तिथून या टेबलाजवळ या, तुमची माणसं इथं उभी आहेत,' हे वाक्य ते एवढ्या संथपणे म्हणायचे की ज्याचं कुणी हरवलेलं नाही तोही घटकाभर थांबायचा. गाव सोडून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्या गर्दीत आपलं नाव वरून, झाडातून ऐकू येत असेल तेव्हा काय वाटत असेल, याचा विचार मी लहानपणी फार केला आहे.

तात्यांचा आवाज आमच्याकडं कशातच नाही. फोटो आहेत, त्यांच्या हिशेबाची वही आहे, आवाज नाही. घरात टेपरेकॉर्डर आला तेव्हा त्यावर गाणी ऐकली गेली, आमच्या पाठ केलेल्या कविता भरल्या गेल्या. जो माणूस दुसऱ्यांचा आवाज गावभर पोहोचवत होता त्याचा आवाज भरून ठेवावा असं कुणाच्या मनात आलं नाही. त्यामुळे चुलतभावाच्या भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये, ग्राइंडिंग मशिनच्या वरच्या फळीवर, माईक सापडला तेव्हा मी तो अगदी दोन्ही हातांनी खाली घेतला. मुठीत मावणार नाही एवढा, चांगला जड. पुढं जाळी, क्रोम ठिकठिकाणी उडून पितळ दिसू लागलेलं, आणि काजळीखाली इंग्रजी अक्षरं: शिकागो रेडिओ.

ही अक्षरं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत, फक्त वाचलेली नसतात. गांधीजींच्या, नेहरूंच्या सभांची जुनी छायाचित्रं नीट पाहावीत. वक्त्याच्या छातीशी असलेल्या माईकवर ती दिसतात. नावात अमेरिकेतलं शहर असलं तरी माणसं सिंधची. ज्ञानचंद मोटवाने यांनी १९०९ साली सक्करला हा व्यवसाय सुरू केला, मग कराची, मग मुंबई. त्यांचे चिरंजीव नानिक यांच्या मनात गांधीजींचा आवाज लोकांपर्यंत पोहोचत नाही ही गोष्ट सलत होती. तो आवाज मुळात बारीक, आणि ऐकायला आलेली माणसं हजारोंनी. पुढच्या रांगेतल्यांनी ऐकायचं आणि मागच्यांनी नुसतं दर्शन घ्यायचं अशी स्थिती. १९३१ साली काँग्रेसच्या कराची अधिवेशनात त्यांचे ध्वनिवर्धक लागले आणि पुढं सभा म्हटली की शिकागो रेडिओ असं होऊन गेलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. नोव्हेंबरात तो पकडला गेला, आणि त्या खटल्यात आरोपींच्या पिंजऱ्यात नानिक मोटवानेही होते. ते सुटले, उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. माझ्या हातातला माईक त्या काळातला नाही, बराच नंतरचा आहे. पण धंद्याची नाती वस्तूंना चिकटून येतात. तात्यांना हा माईक कुठून मिळाला ते त्यांच्या वहीत नाही. भाडं मात्र पैशापर्यंत लिहिलेलं आहे.

तो दुरुस्त करायचा एवढंच मी ठरवलं होतं. आमच्या पट्ट्यात हे अवघड जाईल असं वाटलं नाही. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग भोसरी, आकुर्डी, चिंचवड, आणि अलीकडं थेट चाकणपर्यंत शेडच शेड. इथं शंभर पावलांवर लेथ आहे, गल्लीच्या तोंडाशी मोटार वायंडिंगवाला आहे, प्लेटिंगवाला आहे. सुईच्या अग्राएवढं भोक पाडून देणारी माणसं इथं चहाच्या टपरीवर भेटतात. माईक घेऊन मी एकेकाकडं गेले. सगळ्यांनी तो कौतुकानं हातात घेतला, वजन पाहिलं, प्लेटिंगवाल्यानं तर 'नव्यासारखा चकचकीत करून देतो, पैसे पण नका देऊ,' असं म्हटलं. पण आतल्या दुरुस्तीचं कुणी बोलेना. मग पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या बाजूला हिंडले. तिथंही उत्तर सगळीकडं एकच, आणि आपुलकीनं दिलेलं: आतलं काढून टाकू, नवीन कॅप्सूल बसवू, बाहेरून हाच दिसेल, आवाज एकदम क्लिअर.

'आतलं काढून टाकू' याला माझा जीव राजी होईना. का होईना, हे मला तेव्हा दुकानदाराला नीट सांगता आलं नाही. आता सांगता येईल असं वाटतं. प्रत्येक माईकचं ऐकणं वेगळं असतं. कुणाला खर्ज कळतो, कुणाला 'स' आणि 'श' टोचतात, कुणी जवळच्या आवाजाला माया दाखवतो आणि लांबच्याला दार लावून घेतो. गावानं तात्यांना ऐकलं ते याच माईकच्या आतल्या पडद्याच्या कानानं. त्यांचा आवाज आणि गावाला ऐकू आलेला आवाज यांच्यामधली पहिली जागा म्हणजे ही आतली चकती. ती काढून टाकली तर हातात राहील ती क्रोमची टोपी. शोभेला ठेवायची तर काहीच बिघडत नाही. मला मात्र ती चकती हवी होती.

आणि माईकनं आपलं बोलणं किती बदललं! १९२१ साली मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं, केशवराव भोसले आणि बालगंधर्व एका रंगमंचावर उभे राहिले, तेव्हा समोर माईक नव्हता. संगीत नाटकाचा सगळा बहर उघड्या गळ्यावर निभला. कीर्तनकार, शाहीर, तमाशातले सोंगाडे, सगळ्यांची आवाजाची फेक शेवटच्या माणसावर नेम धरून असायची. माईक आला आणि हळू बोलण्याला पहिल्यांदा मोठ्या सभेत जागा मिळाली. गजाननराव वाटव्यांसारख्या गायकांनी पुण्याच्या चौकांत, गणेशोत्सवाच्या गर्दीत भावगीत गायलं, ते कानाशी सांगितल्यासारखं गायचं गाणं हजार माणसांपुढं टिकलं ते माईकच्या आधारानं. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं तेव्हा सुधीर फडक्यांना आवाज फेकायची गरज नव्हती. शब्दाच्या शेवटी श्वास सोडला तरी घराघरांत कळत होता. आमच्या पिंपळे गुरवच्या नाट्यगृहाला निळू फुल्यांचं नाव आहे. निळूभाऊ ऐन धमकीच्या वेळी आवाज चढवण्याऐवजी खाली आणायचे, अगदी घशात, आणि त्यानंच अंगावर काटा यायचा. हे बळ माईकच्या युगातल्या नटाचं आहे. त्यांच्या नावाच्या रंगमंदिरात बसले की मला हे दर वेळी आठवतं.

घाटात बैलगाडे पळतात तिथं मात्र जुनी फेक अजून शिल्लक आहे. चाकणच्या पलीकडं कुठल्याही यात्रेला जावं. हातात बिनतारी माईक असूनही निवेदक 'झाली... झाली...' असं पुकारतो ते डोंगरापलीकडच्या माणसाला ऐकू जावं असंच. तो आवाज माईकसाठी नसतोच, तो बैलांसाठी आणि मातीसाठी असतो.

शेवटी या माईकसाठी मेकॅनिककाकांचा पत्ता मला एका रिक्षावाल्या दादांनी दिला. त्यांच्या घरचा जुना रेडिओ काकांनी बोलता केला होता. काका लष्करात वायरलेस संच दुरुस्त करायचे. आता दापोडीत मुलाच्या घरी, गॅलरीत एक टेबल, त्यावर पाट्याएवढी लाकडी फळी आणि भिंतीला टांगलेले पक्कड-पेचकस आकारमानानं लावलेले. मी माईक पुढं केला. त्यांनी तो लगेच उघडला नाही. कानाशी धरून हलके हलवला. मग विचारलं, "ताई, हा इतके दिवस कुठं होता?"

"भोसरीला. भावाच्या वर्कशॉपमध्ये."

"तरीच. पोट भरलंय त्याचं."

मला उलगडा झाला नाही. त्यांनी जाळी काढली. आत काळं पडलेलं रेशमी कापड होतं, ते चिमट्यानं उचलून कागदावर ठेवलं. त्याखाली पातळ पडदा, नखाएवढ्या वळ्या पाडलेला, आणि पडद्यामागं चुंबक. चुंबकाच्या गोल फटीत, जिथं तारेची गुंडाळी मोकळी हलायला हवी, तिथं लोखंडाचा बारीक चुरा गच्च बसला होता. ग्राइंडिंगच्या चाकावरून उडालेला. फळीवर बसल्या बसल्या त्या चुंबकानं वर्षानुवर्षं वर्कशॉपच्या हवेतलं लोखंड ओढून घेतलं होतं. गावाचा आवाज ऐकायचं काम सुटलं आणि हवेतून जे यायचं ते घेत राहिला. जिथं रानं होती तिथल्या शेडमधलं लोखंड त्याच्या पोटात साठलं होतं. मला तो चुरा बघून फार भरून आलं. आमच्या गावाचा सगळा मधला काळ त्या फटीत होता.

चुरा काढायचं काम बघण्यासारखं होतं. चुंबकापासून लोखंड ब्रशनं सुटत नाही, एका जागचं दुसऱ्या जागी सरकतं. काकांनी पोस्टकार्डाची पट्टी कापली, तिच्या कडेवर चिकटपट्टी उलटी दुमडली, ती फटीतून सावकाश फिरवली, बाहेर काढली, काळी झालेली कड कापून टाकली, पुन्हा नवी. मध्ये चहा झाला, त्यांच्या सूनबाईंनी पोहे दिले, नातू शाळेतून येऊन गेला. काका बोलत होते ते बहुतेक माईकच्या दुखण्यांबद्दल. एका जातीच्या माईकमध्ये रोशेल मिठाचा स्फटिक असतो, तो पावसाळ्याच्या ओलीनं विरघळतो आणि उन्हात ठेवलेल्या गाडीच्या उष्णतेनंही मरतो. त्याला इलाज नाही. काहींच्या आतला फोम वयानं चिकट होतो आणि त्याचा भुगा पडद्यावर बसतो. "तुमचा बरा आहे," ते म्हणाले, "याला फक्त लोखंड झालंय."

फट मोकळी झाली. मग त्यांनी मल्टिमीटर काढला. काट्याचा, जुना, काट्याखाली आरशाची पट्टी असलेला. त्यावरचं नाव वाचून मी चपापले: मोटवाने. तेच घराणं. पुढं त्यांचा कारखाना नाशिक रोडला आला, आणि आपल्याकडच्या कितीतरी आयटीआयच्या मुलांनी विजेचं पहिलं माप त्यांच्याच मीटरवर घेतलं. काकांनी दोन टोकं माईकला लावली. काटा जागचा हलला नाही. कॉईल ओपन. मला वाटलं, संपलं. काका म्हणाले, "ओपन म्हणजे तुटली, कुठं तुटली ते अजून बघितलं नाही." तार ४७ गेजची, मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. भिंग लावून त्यांनी ती गुंडाळीपासून बाहेरच्या टोकापर्यंत पाहत नेली. गुंडाळी शाबूत होती. पडद्यावरून तार बाहेर पडते त्या वळणावर, रोज रोज हलून, ती निसटली होती. तिथं त्यांनी डाग दिला. श्वास रोखून दिला, मीही रोखला.

आता काटा गेला, मधल्या घरात जाऊन थांबला. काकांनी माईक माझ्या कानाशी धरला आणि मीटरचं टोक पुन्हा टेकवलं. टक्. स्वच्छ, बारीक. मीटरमधली इवलीशी वीज कॉईलमध्ये गेली आणि पडदा हलला. "बोलतो पण तो," काका म्हणाले. "स्पीकर आणि हा एकाच जातीचे. आणि हा मीटरसुद्धा. यातही चुंबकात कॉईलच आहे. तिथं वीज गेली की काटा हलतो, इथं तुम्ही बोलला की वीज निघते." म्हणजे टेबलावर दोन्ही बाजूंना एकच युक्ती होती, एकाच घराण्याच्या नावाची, आणि मधे फक्त दोन तारा.

त्या 'टक्'पासून एक विचार माझी पाठ सोडत नाही. माईकनं आयुष्यभर ऐकलं आणि काहीच ठेवलं नाही. तबकडीला खाच पडते, फितीवर चुंबकाच्या खुणा राहतात. माईकच्या पडद्यावर तात्यांचा आवाज येऊन गेला, तो पडदा पुन्हा पहिल्या जागी आला. यायलाच हवा, तो जागेवर परत आला नाही तर पुढचं अक्षर त्याला ऐकूच येणार नाही. मागचं सोडून देणं ही त्याच्या ऐकण्याची अटच आहे. मग मी एवढी वणवण केली ती कशासाठी? त्यात तात्या नाहीत हे मला माहीत आहे. पण एखाद्याच्या शेजारी वर्षानुवर्षं बसून ज्यानं त्याचं सगळं ऐकलं, त्याला काही आठवत नसलं तरी आपण त्याला भेटायला जातोच की. तात्यांच्या बरोबरीचे एक आजोबा अजून गावठाणात आहेत. त्यांना आता कुणाची नावं आठवत नाहीत. मी त्यांच्याजवळ जाऊन बसते, ते माझ्या हातावर हात ठेवतात, आणि मला बरं वाटतं.

माईक जोडून पाहिला तो काकांच्याच अँप्लिफायरवर. आधी हम आला, मग जमिनीची तार सरळ केल्यावर गेला. काकांनी मला बोलायला सांगितलं. काय बोलावं सुचेना. मी तात्यांचं वाक्य म्हटलं, जिथं असाल तिथून या. आवाज आला, लांबून आल्यासारखा, पण गोल, टोचरेपणा अजिबात नसलेला. मधल्या पट्टीत एक ऊब होती. गॅलरीखालून जाणाऱ्या एका बाईंनी वर पाहिलं.

"मॅग्नेट उतरलंय," काका म्हणाले. "वयाचा परिणाम. आवाज यापेक्षा मोठा यायला हवा."

चुंबक पुन्हा चार्ज करता येतं. आमच्या पट्ट्यात दुचाकींचे मॅग्नेटो बनवणारे कारखाने आहेत, त्यांच्याकडं चुंबक भरायची यंत्रं असतात. काकांच्या ओळखीचा एक मुलगा अशा ठिकाणी कामाला आहे. त्यासाठी माप घेऊन साचा करावा लागेल, तो भाऊच लेथवर करून देईल. आवाज दुप्पट होईल कदाचित. पण चुंबकाचा जोर वाढला की पडद्याची हालचालही बदलते. काका सरळ म्हणाले, "मोठा होईल, पण आत्ता ऐकला तसाच राहील याची हमी नाही. तुमच्या तात्यांच्या वेळी तो कसा होता ते ना मला माहीत, ना तुम्हाला."

भावाचं म्हणणं, चार्ज करून टाकू. वस्तू आहे तर तिनं पूर्ण दमानं काम करावं; त्याच्या वर्कशॉपमध्ये कुठलंही मशिन अर्ध्या जोरावर चालवलेलं त्याला खपत नाही, आणि त्यात चूक काही नाही. भजनी मंडळाला तर माईक कार्तिकातल्या सप्ताहाला हवाच आहे. काकड्याला तात्यांचा माईक लागला पाहिजे असा निरोप दोन घरांतून आलाय. मला त्या क्षीण आवाजाचीच ओढ लागली आहे. त्या आवाजासाठी जवळ जावं लागतं, आणि ऐकणाऱ्यालाही थोडं पुढं झुकावं लागतं. पण देवळाच्या ओट्यापासून रस्त्यापलीकडच्या सोसायट्यांपर्यंत पहाटेचे अभंग पोहोचायचे तर तेवढ्यानं भागणार नाही, हेही दिसतंय. आणि तेवढ्यावर भागवणं तात्यांना चाललं नसतं, हेही.

काकांनी रेशमी कापडाचा नवा तुकडा घरातल्याच एका जुन्या साडीचा कापून ठेवलाय. जाळी अजून बसवलेली नाही. साच्याचं माप कागदावर काढून माझ्याकडं दिलंय, आणि सांगितलंय की दिवाळीच्या आत काय ते कळवा, त्या मुलाची पाळी बदलते.